भिडेवाडा : मुलींची शाळा भरली, पण वाडा टिकला नाही

पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपती मंदिराच्या समोर भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी इथेच मुलींची शाळा सुरू केली. जिते, हमरापूर भागातून दर्शनाला गेलेले बरेच जण या वाड्यासमोरून गेले असतील.

जागा कोणी दिली?
मुलींना शिकवायला गावाचा विरोध होता. अशा वेळी तात्यासाहेब भिडे यांनी बुधवार पेठेतल्या आपल्या वाड्यात जागा दिली. सावित्रीबाईंचं वय तेव्हा जेमतेम सतरा. पुढे ३ जुलै १८५१ रोजी याच पेठेत चिपळूणकर वाड्यातही मुलींची शाळा निघाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला.

वाड्याची बांधणी
पुण्यातल्या जुन्या वाड्यांना खाली घडीव दगडांचं जोतं, त्यावर लाकडी खांब आणि तुळया, विटा-मातीच्या भिंती आणि वर कौलं असत. वजन मुख्यतः लाकडावर पेललं जाई. त्यामुळे कौलं फुटून पाणी मुरलं की तुळईचं टोक कुजतं आणि माळा खचतो. आपल्याकडच्या जुन्या कौलारू शाळांनाही पावसाळ्यात हाच धोका असतो.

वाडा का गेला?
वाडा खासगी मालकीचा होता. शाळा गेली, खाली दुकानं राहिली, वरचा भाग ढासळत गेला. स्मारकासाठी जागा घ्यायचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महापालिकेची बाजू टिकली. तोवर वाडा वाचवण्याजोगा उरला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये स्मारकाची पायाभरणी झाली.

गावाने काय करावं?
जुन्या शाळाखोल्या धोकादायक ठरल्या की निर्लेखन होऊन पाडल्या जातात. मुलांच्या जीवापुढे इमारत मोठी नाही. पण त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने आतून-बाहेरून फोटो काढावेत. जागा कोणाच्या नावावर आहे ते कागदावर तपासावं. दाखल-खारीज रजिस्टर कोरड्या जागी ठेवावं. गावातली पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत आली, ते त्यातच सापडेल. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदलावीत.