लोणार सरोवराचा गाळ (पुराहवामान)
बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळाशी साचलेले, मध्य भारतातील प्राचीन पर्जन्यमानाची नोंद राखणारे गाळाचे थर. बेसाल्ट खडकातील सुमारे १.८ किमी. व्यासाच्या विवरात (→ उल्काविवर) हे सरोवर आहे. त्यात ओढे-झरे मिळतात, पण पाणी बाहेर वाहून जात नाही; ते मुख्यतः बाष्पीभवनानेच घटते. म्हणून मॉन्सूनमधील चढउतार येथे ठळकपणे उमटतात. पाऊस घटला की पातळी उतरते, क्षारता वाढते आणि गाळात गेल्युसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटाचे स्फटिक तयार होतात. ओल्या काळात ते आढळत नाहीत. २००८ मध्ये काढलेल्या सुमारे १० मी. लांबीच्या गाभ्यात गेल्या सुमारे ११,००० वर्षांचा (→ होलोसीन) इतिहास मिळाला. कालनिश्चिती कार्बन-१४ पद्धतीने झाली (→ किरणोत्सर्गी कालमापन). पाण्यातील जुन्या कार्बनमुळे वय फुगते, त्यामुळे जमिनीवरील वनस्पतींचे अवशेष अधिक विश्वसनीय ठरतात. परागकण, समस्थानिके व वनस्पतिजन्य मेणही तपासले जाते. होलोसीनचा आरंभीचा काळ पावसाळी होता. सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे दोन कालखंड दीर्घ अवर्षणाचे होते. मध्य भारतात इतका सलग सरोवरी अभिलेख दुर्मिळ आहे. लोणार २०२० पासून रामसर स्थळ आहे.