परवान्याची परीक्षा आणि तयारीचा पहिला दिवस

वैद्यकीय व्यवसायाचा परवाना देणाऱ्या परीक्षेची तयारी केव्हा सुरू करावी, हा प्रश्न आज वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत सतत ऐकू येतो. भारतात मात्र तो फार जुना नाही. दीर्घकाळ तो पडण्याचे कारणच नव्हते, कारण पदवी मिळाली की परवान्याचा मार्ग मोकळा होत असे.

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले ते जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाच्या शेजारी. १८५१ मध्ये तेथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पुढे १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू केली. बंगाल आणि मद्रास प्रांतांनी १९१४ मध्ये तसेच कायदे केले. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त शिक्षण पुरेसे असे. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली आणि १९३३ च्या कायद्याने भारताची स्वतःची वैद्यकीय परिषद आली. ही परिषद महाविद्यालयांचे शिक्षण आणि परीक्षा तपासत असे. विद्यार्थ्याची वेगळी परीक्षा घेत नसे. १९५६ च्या कायद्यानेही हीच रीत कायम ठेवली. तयारी कधी करायची, याचे उत्तर अभ्यासक्रमातच होते.

या व्यवस्थेला पहिला छेद २००२ मध्ये गेला. परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्या भारतीयांसाठी चाळणी परीक्षा सुरू झाली: ३०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण. पदवी हाती असूनही परवाना नाही, अशी स्थिती प्रथमच निर्माण झाली. दुसरीकडे पदव्युत्तर जागांसाठी बहुपर्यायी प्रश्नांची स्पर्धा वाढत गेली. ती स्पर्धा पदवीनंतरची असल्याने तिचा भार आंतरवासितेच्या वर्षावर पडला. ज्या वर्षी रुग्णाशेजारी उभे राहून शिकायचे, तेच वर्ष प्रश्नसंचांनी व्यापले.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने हे तिन्ही प्रवाह एकत्र आणायचे ठरवले. त्यातील पंधराव्या कलमानुसार 'नॅशनल एक्झिट टेस्ट', म्हणजेच 'नेक्स्ट', ही अंतिम वर्षाची परीक्षा, परवान्याची परीक्षा आणि पदव्युत्तर प्रवेशाचा आधार अशी तिन्ही असणार होती. परदेशी पदवीधरांनाही तीच लागू होणार होती. जून २०२३ च्या नियमावलीत पहिल्या टप्प्यात सहा प्रश्नपत्रिका आणि ५४० प्रश्न होते. आंतरवासितेनंतर दुसऱ्या टप्प्यात प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा होती.

खरी अडचण या एकत्रीकरणातच आहे. परवाना आणि गुणवत्ताक्रम यांची मागणी एक नाही. परवान्यासाठी प्रत्येक प्रश्नपत्रिकेत निम्मे गुण पुरेसे होते. गुणवत्ताक्रमाला अशी सीमा नसते, तेथे शेजारच्यापेक्षा पुढे राहावे लागते. परवान्याची तयारी एका ठिकाणी येऊन संपते, स्पर्धेची संपत नाही. म्हणून दोन्ही एकाच परीक्षेत आले, की तयारीचा आरंभ मागे सरकत पहिल्या वर्षापर्यंत जातो आणि शरीररचनाशास्त्र शिकू लागलेला विद्यार्थीही उत्तरांचे पर्याय मोजू लागतो.

वस्तुतः नियमावलीचा रोख वेगळा होता. केवळ स्मरणावर अवलंबून असलेल्या प्रश्नांचा वाटा सुमारे दहा टक्के ठेवला होता. भर होता विश्लेषणावर आणि ज्ञानाच्या वापरावर. असे प्रश्न सोडवण्याची सवय शेवटच्या सहा महिन्यांत लागत नाही. रुग्णाची हकिकत ऐकणे, तपासणे, निदानाची शक्यता मांडणे आणि ती चुकली तर का चुकली हे रात्री पुस्तकात शोधणे, यांतून ती लागते. या अर्थाने तयारीचा पहिला दिवस म्हणजे वॉर्डातला पहिला दिवस.

२०२३ च्या जुलैने याची कसोटी पाहिली. २८ जुलैची सराव परीक्षा जाहीर झाली होती. त्याच महिन्यात 'नेक्स्ट' पुढील सूचनेपर्यंत स्थगित झाली. २०१९ च्या तुकडीतील ज्या विद्यार्थ्यांनी सारे नियोजन त्या तारखेभोवती बांधले होते, त्यांचे वेळापत्रक एका सूचनेने कोलमडले. वॉर्डात मिळवलेले मात्र कोणत्याही सूचनेने रद्द होण्यासारखे नव्हते. परीक्षा पुढे गेली, तरी समोरच्या खाटेवरचा रुग्ण थांबणार नव्हता.