मिशनऱ्यांची साधने आणि भाषासीमेवरील लोकदैवते : मुदखेड परिसराच्या संदर्भात

दख्खनमधील ग्रामदैवतांविषयीचा जो लेखी पुरावा एकोणिसाव्या शतकापासून मिळतो, त्याचा महत्त्वाचा भाग परदेशातून आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी निर्माण केलेला आहे. खंडनासाठी जमविलेली ही माहिती पुढे संशोधनाचे साधन ठरली. तथापि तिच्यावर मिशनरी जीवनक्रमाचा एक ठसा आहे आणि तो ओळखल्यावाचून तिचा उपयोग करणे धोक्याचे होय. हा ठसा भाषेचा आहे. मिशनऱ्याने एक देशी भाषा शिकावी, त्या भाषेच्या प्रदेशात आयुष्य वेचावे व तिच्यातूनच उपदेश करावा, अशी रीत असल्यामुळे लोकश्रद्धांची नोंदही भाषावार विभागली गेली. मराठी व तेलुगू यांच्या संपर्कपट्ट्यातील मुदखेडसारख्या ठिकाणाहून पाहिले असता या विभागणीचे परिणाम स्पष्ट दिसतात.

मराठीच्या बाजूने आरंभीचे महत्त्वाचे नाव जॉन स्टीव्हन्सन यांचे. स्कॉटिश मिशनरी म्हणून आलेले व पुढे कंपनी सरकारच्या सेवेत धर्मोपदेशक झालेले स्टीव्हन्सन यांनी १८३३ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८३९ पासून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दख्खनमधील ब्राह्मणपूर्व उपासनेवर निबंध लिहिले. गावाबाहेर वर्तुळाकार मांडलेले, चुना व शेंदूर लावलेले वेताळाचे दगड त्यांनी बारकाईने वर्णिले. या पूजेत ब्राह्मण पुरोहित नाही, यावरून ती आर्यपूर्व असावी असे त्यांचे अनुमान होते. परंतु ‘वेताळ’ हे नाव संस्कृत कथावाङ्मयाला सुपरिचित आहे. म्हणजे नाव एका परंपरेतले व विधी दुसऱ्या परंपरेतला, अशी स्थिती येथे आढळते. नावाची वाट आणि विधीची वाट एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

याचे अधिक बोलके उदाहरण मुदखेड ज्या पट्ट्यात येते तेथील ‘पोतराज’ होय. मुदखेड, भोकर, धर्माबाद हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. मराठीतला पोतराज हा माणूस आहे. वाढविलेले केस, कमरेभोवती चिंध्यांचा घोळ, हातात कोरडा, अशा वेषात तो मरीआईच्या नावाने दारोदार फिरतो व स्वतःच्या अंगावर आसूड ओढून घेतो. तेलुगूतील ‘पोतुराजु’ मात्र देव आहे. ‘पोतु’ म्हणजे रेडा, बोकड यांसारखा नर पशू आणि ‘राजु’ म्हणजे राजा. मराठी कानाला याच शब्दात देवीपुढचा ‘पोत’, म्हणजे कापडी मशाल, ऐकू येतो. भाषासीमा ओलांडताना देवाचे नाव भक्ताला मिळाले. हैदराबादच्या बोनालू उत्सवात कोरडा घेतलेला मनुष्यच पोतुराजुचे रूप घेतो. त्यामुळे देव व भक्त यांच्यामधली पायरीही तेथे पाहावयास सापडते.

मिशनऱ्यांच्या ग्रंथांत ही साखळी तुटलेली आहे. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी दक्षिण भारतातील ग्रामदैवतांवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात पोतुराजु हा कोठे देवीचा भाऊ, कोठे पती, तर कोठे केवळ सेवक मानला जातो, असे नमूद केले. त्याच सुमारास, १९१५ साली, तेलुगू मुलखातील अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी एल्मोर यांचा द्राविड दैवतांवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. मराठी मुलखात काम केलेले अलेक्झांडर रॉबर्टसन यांचा महार समाजावरील ग्रंथ १९३८ चा. तेलुगू ग्रंथांचा विषय दैवत, तर मराठी ग्रंथाचा विषय जात. दोहोंच्या मधला मराठवाडा दोन्हीकडून कडेला पडला.

हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला व पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. तेथे येणाऱ्यांत मांग कुटुंबे पुष्कळ होती. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेणे, साथीच्या दिवसांत देवीचा कोप आपल्या अंगावर घेणे, ही कामे ज्यांच्या वाट्याला आली होती, तेच हे समाज. धर्मांतरिताला मरीआईबरोबर तिच्या नावाने मिळणारे धान्य व मान सोडावे लागत. तसेच गावाचे भय वाहण्याचे ओझेही सुटे. ‘भूतपूजा’ या एकाच शब्दात हा व्यवहार मावत नाही. ब्राह्मण घराण्यातून आलेल्या शेषाद्रींनाही हे जग परकेच होते. परकेपणा केवळ समुद्रापलीकडून येत नसतो.

सारांश, मिशनऱ्यांनी केलेली वर्णने विश्वसनीय मानावीत, परंतु त्यांनी पाडलेले विभाग तपासून घ्यावेत. त्यासाठी मराठी व तेलुगू साधने एकत्र वाचली पाहिजेत, आणि नाव, विधी व विधी करणारा समाज यांचा प्रवास वेगवेगळा लावला पाहिजे. अशा अभ्यासाला मुदखेडइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच मिळेल.