चांभाराची आरी आणि भरतकामाचे यंत्र

धान्याच्या किंवा सिमेंटच्या गोणीचे तोंड आपण सर्वांनीच उघडलेले आहे. दोऱ्याचे नेमके टोक सापडले, की एका ओढीत सगळी शिवण सरसर उसवते. चुकीचे टोक धरले तर मात्र कात्रीच आणावी लागते. या शिवणीला साखळी टाका म्हणतात. एकच दोरा, त्याचा एक फास, त्या फासातून ओढलेला दुसरा फास, दुसऱ्यातून तिसरा. चामड्याच्या जाकिटाच्या पाठीवर यंत्राने काढलेली वेलबुट्टी पाहिली, तर अनेकदा तिच्यातही हाच टाका आढळतो. त्याचा इतिहास शोधू लागलो, की आपण युरोपातल्या कारखान्यात जाऊन थांबत नाही. तिथून मागे वळून कच्छमधल्या मोच्याच्या ओट्यापाशी येतो.

चामडे शिवणाऱ्या कारागिराचे मुख्य हत्यार म्हणजे आरी. लाकडी मुठीत बसवलेली टोकदार सळई, आणि टोकाशी दोरा अडकवण्यापुरती खाच. भोक पाडणे आणि दोरा ओढून घेणे ही दोन्ही कामे ती करते. कच्छच्या मोची समाजातील कारागिरांनी हीच आरी बारीक करून रेशमी दोऱ्याने कापडावर भरतकाम केले. ते ‘मोची भरत’ म्हणून प्रसिद्ध आहे. यात दोरा कापडाच्या खाली डाव्या हातात धरतात. आरी वरून आत जाते, खालचा दोरा आकड्यात धरते आणि फास वर आणते. सुई पूर्णपणे आरपार न्यावी लागत नाही, म्हणून काम झपाट्याने होते. सतराव्या शतकात गुजरातेतील साखळी टाक्याचे पडदे आणि पलंगपोस जहाजांतून इंग्लंडात जात होते.

पुढच्या शतकात युरोपातही आकड्याच्या सुईने भरतकाम होऊ लागले. गोल चौकटीवर ढोलकीच्या पुडीसारखे कापड ताणून ते करीत, म्हणून त्याला ‘तांबूर’ हे नाव पडले. सेंत-ओबँ याने १७७० साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध केलेल्या भरतकामावरील ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. ही कला पूर्वेकडून तिकडे गेली असे सामान्यतः मानले जाते.

आता यंत्राकडे येऊ. शिवणयंत्राचा पहिला ज्ञात आराखडा कापडासाठी नव्हता, तो चामड्यासाठी होता! इंग्लंडच्या थॉमस सेंट याने १७९० साली जोडे, बूट वगैरे तयार करण्याच्या साधनांचे पेटंट घेतले. त्यातील यंत्रात आधी एक आरी चामड्याला भोक पाडी. मग टोकाला खाच असलेली सुई त्या भोकातून दोरा खाली नेई आणि तिथे साखळी टाका तयार होई. हे पेटंट सुमारे ऐंशी वर्षे कागदांच्या ढिगात पडून होते. १८७० च्या दशकात न्यूटन विल्सन याने ते शोधून त्याबरहुकूम यंत्र बनवले, तेव्हा ते चालण्यासाठी त्याला काही फेरफार करावे लागले.

प्रत्यक्ष कामाला लागलेले यंत्र फ्रान्सच्या बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याचे. तांबूरकाम करणाऱ्यांच्या हाताची हालचाल त्याने पाहिली होती. तीच त्याने पायाने चालणाऱ्या यंत्रात उतरवली. १८३० साली त्याला पेटंट मिळाले. पॅरिसमध्ये अशी सुमारे ८० यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली. १८३१ मध्ये पोट मारले जाईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती मोडून टाकली. तिमोनिए १८५७ साली गरिबीतच वारला. पण आकड्याची सुई टिकली. १८६५ मध्ये आंत्वान बोनाझ याने तिच्यापासून खास भरतकामाचे यंत्र तयार केले आणि पॅरिसच्या कोर्नेली यांच्या कारखान्यातून ते जगभर गेले. या यंत्राच्या फळीखाली एक दांडा असतो. तो जिकडे वळवावा तिकडे कापड सरकते आणि वेल हवी तशी वळते.

कापडावर जे सहज जमते ते चामड्यावर का अवघड जाते? कापड हे उभ्या-आडव्या धाग्यांचे विणकाम आहे. सुई शिरली की धागे बाजूला सरतात, आणि ती निघाली की पुष्कळसे पूर्ववत होतात. कमावलेल्या चामड्यात मात्र कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांना सरकायला जागा नसते. तिथे पडलेले भोक कायमचे. म्हणून चामड्यावर उसवून पुन्हा भरण्याची सोय नाही. शिवाय टाके फार जवळ आले, की पोस्टाच्या तिकिटांमधल्या छिद्रांसारखी रांग तयार होते आणि चामडे तिथेच फाटते.

जाड चामड्यासाठी पात्यासारख्या कापणाऱ्या टोकाची सुई वापरतात. पण भरतकामात वेल दर क्षणी दिशा बदलते. सुईने पाडलेल्या चिरा ओळीत आल्या, तर त्या एकमेकींना मिळण्याचा धोका असतो. कपड्यांचे चामडे तर साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. म्हणून त्यावर बारीक सुई, विरळ टाके आणि खाली आधाराला अस्तर अशी योजना करतात. चौकटीत आवळले तर चामड्यावर वळ राहतो, म्हणून ते बऱ्याचदा अस्तरावर चिकटवून धरतात. १९६४ साली जपानच्या ताजिमा कंपनीने अनेक डोक्यांचे स्वयंचलित भरतकाम यंत्र आणले. पुढे त्याला संगणक जोडला गेला. तरीही टाके किती विरळ ठेवायचे, हे चामड्याच्या स्वभावावरूनच ठरवावे लागते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. पोस्टकार्डाच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींना मध्यभागी आडव्या ओळीत सुईने छिद्रे पाडा. एकीवर २ मिलिमीटर अंतराने, दुसरीवर ५ मिलिमीटर अंतराने. पट्ट्या टांगून खाली डबा अडकवा, त्यात हळूहळू वाळू घाला आणि कोणती आधी फाटते ते नोंदवा. मग मलमलीच्या तुकड्यावर तशीच छिद्रे पाडून नखाने घासा. ती बुजतात. कागदावरची बुजत नाहीत. चामडे कोणाच्या जवळचे, ते मुलेच सांगतील.

आणखी एक गोष्ट मुलांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटते. शोधांच्या यादीत सेंट, तिमोनिए, बोनाझ यांची नावे आहेत, आणि ती असावीत. पण ज्या हत्याराची हालचाल यंत्रात शिरली, ते घडवणाऱ्यांचे एकही नाव आपल्याजवळ नाही. त्यांनी पेटंट घेतले नाही; त्यांना लिहायला-वाचायलाही कोणी शिकवले नाही. त्यांनी भरलेले रेशीम राजवाड्यात गेले. चामड्याला हात लावणाऱ्या माणसाला मात्र आपल्या समाजाने वेशीबाहेर ठेवले. आज लग्नाच्या ब्लाउजवर हौसेने ‘आरी वर्क’ करून घेताना त्या शब्दात चांभाराची आरी आहे, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल? विज्ञानाच्या तासाला निदान एवढे सांगितले जावे, की हे ज्ञान प्रयोगशाळेइतकेच त्या ओट्यावरही घडले आहे.