इंद्रायणीचे डोह आणि माशांची राखण

आळंदी व देहू हीं दोन्ही क्षेत्रें इंद्रायणीच्या कांठीं आहेत हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. एके ठिकाणीं ज्ञानेश्वर महाराजांनीं शके १२१८ मध्यें, म्हणजे इ. स. १२९६ सालीं समाधि घेतली. दुसऱ्या ठिकाणीं तुकोबांच्या वह्या नदीनें तेरा दिवस सांभाळून परत केल्या अशी परंपरा आहे. परंतु या नदीच्या पोटांत लोकांनीं सांभाळलेली आणखी एक ठेव आहे, आणि तिच्याकडे इतिहास लिहिणारांचें लक्ष क्वचितच जातें. घाटाखालच्या डोहांतील मासे ही ती ठेव होय. हे देवाचे मासे. त्यांस जाळें लावूं नये, गळ टाकूं नये, उलट चार दाणे घालावे, असा दंडक या क्षेत्रीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. महाड तालुक्यांतील वाळण कोंड, वैतरणेच्या कांठचें तिळसें, अशा आणखीही जागा महाराष्ट्रांत आहेत. भाविकांची भीड हाच तेथील पहारेकरी.

या राखणीस केवळ भोळी समजूत म्हणून बाजूस सारणें योग्य होणार नाहीं. दूरच्या एका व्यवहारी देशाचा दाखला घेऊं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यावर पंख्याच्या आकाराचा एक शिंपला होतो. त्याचें आयुष्य दोन वर्षांच्या आसपास, आणि तेवढ्यांत त्याची वीण बहुधा एकदांच होते. म्हणून ज्याच्या पाठीवर वाढीचें वलय उमटलेलें नाहीं असा शिंपला हें बीज समजावें व तें बंदरांतच राहूं द्यावें, असा तेथील कायदा आहे. आणि बंदरांतील शिंपल्यांचा बंदोबस्त पुष्कळ अंशीं त्या त्या गांवाच्या हातीं ठेविलेला आहे. बीज कोठें पडतें, कोणत्या खाचेंत तगतें आणि कोण तें चोरून नेतो, हें राजधानींत बसलेल्या अधिकाऱ्यापेक्षां गांवकऱ्यांस अधिक कळतें. देशावर आम्हांस समुद्र नाहीं. परंतु डोहाचा दंडक हा याच जातीचा होता. तेथें कायद्यानें जें साधलें तें येथें श्रद्धेनें साधलें, इतकाच भेद.

डोहच कां राखावा, याचें उत्तर आमच्या नद्यांच्या स्वभावांत आहे. सह्याद्रीवरून पूर्वेस उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यांत दुथडी भरतात आणि वैशाखांत आटून त्यांची डबकीं होतात. त्या वेळीं नदींतील मोठे, वीण देणारे मासे खोल डोहांत गोळा होतात. अशा वेळीं एकाच जाळ्यानें सारा वंश उपसतां येतो. उलट तो डोह राखला, तर पहिल्या पुराबरोबर तेच मासे वरच्या खडकाळ पात्रांकडे चढतात, अंडीं घालतात, आणि पुढें कित्येक कोस नदी पुन्हां भरते. शिंपल्यांचेंही भवितव्य यांतच गुंतलेलें आहे. गोड्या पाण्याच्या बहुतेक शिंपल्यांचीं पिलें जन्मतांच स्वतंत्रपणें जगूं शकत नाहींत. तीं माशाच्या कल्ल्यांस किंवा परांस चिकटून कांहीं दिवस काढतात आणि मग गळून तळाच्या वाळूंत रुततात. मासा नाहींसा झाला कीं शिंपल्याचा पाळणाही गेला. ज्यांनीं डोहास देवाचें नांव दिलें त्यांस ही सूक्ष्म गोष्ट ठाऊक असेल असें नाहीं. परंतु फळ तेंच मिळालें.

जलचरांच्या रक्षणाचा विचार आपल्या देशांत फार जुना आहे. अशोकानें राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत कांहीं जातींचे मासे व कांसव अवध्य ठरविले, आणि ठराविक पर्वदिवसांस मासे मारूं नयेत व विकूंही नयेत अशी आज्ञा केली. कोळ्यांच्या राखीव पाण्याचाही त्यांत निर्देश आहे. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोदाचें प्रकरण घातलें. त्यांत माशांच्या जाती, त्यांचें खाद्य व गळाची सामग्री यांचें वर्णन आहे. राजाचा हेतु करमणुकीचा असला तरी दक्षिणेच्या नद्यांकडे इतक्या बारकाईनें पाहिलें जात होतें हें त्यावरून दिसतें.

अर्वाचीन पद्धतीची पहिली मोठी नोंद मात्र एका इंग्रजानें केली. कर्नल विल्यम हेन्री सायक्स याची १८२४ सालीं मुंबई सरकारनें दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली. त्यानें येथील माशांचें वर्णन १८३९ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांत प्रसिद्ध केलें. त्याची एक गोष्ट विशेष स्मरणीय वाटते. शास्त्रीय नांवें देतांना त्यानें कोळ्यांच्या तोंडचीं मराठी नांवें तशींच लॅटिनच्या पंक्तीस बसविलीं. चाकणजवळ इंद्रायणींत त्याला एक चमत्कारिक मासा मिळाला. त्याच्या मुस्कटावर खोल खांच असल्यामुळें तो नाक तुटल्यासारखा दिसतो. कोळी त्यास नकटा म्हणत. शास्त्रांतही तो 'नुक्ता'च झाला. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत सांपडलेल्या महाशिराचें नांव त्यानें 'खुद्री' असें नोंदिलें. आज चाकणचें नांव निघालें कीं मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत मात्र तें एका नकट्या माशाचें जन्मगांव म्हणून कायमचें नोंदलें गेलें आहे. तो मासा आतां दुर्मिळ झाला असून नष्ट होण्याच्या भयांत असलेल्या जातींत गणला जातो.

सरकार या विषयाकडे वळलें तें उशिरां. डॉ. फ्रान्सिस डे यानें हिंदुस्थानांतील गोड्या पाण्याच्या मासेमारीचा अहवाल १८७३ मध्यें सादर केला. बारीक छिद्रांच्या जाळ्यांनीं पिलांचा संहार होतो, तरी त्यास आळा घालावा, असें त्याचें म्हणणें होतें. त्यानंतर चोवीस वर्षांनीं, १८९७ सालीं, मत्स्यविषयक कायदा झाला. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें त्यानें गुन्हा ठरविलें. पण या कायद्याचे शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. मासे धरण्याच्या वा मारण्याच्या हेतूनें घातलेलें विषच त्यांत दंडनीय आहे. ज्याच्या मनांत मासे नाहींतच, केवळ आपली घाण वाहून जावी एवढीच ज्याची इच्छा, त्याचा विचार त्या कायद्यास सुचला नव्हता. डोहाच्या दंडकासही तो सुचला नव्हता.

मध्यंतरी नदीच्या उगमाकडे निराळाच प्रयोग सुरू झाला. टाटांची जलविद्युत् कंपनी १९१० सालीं स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरांत वळवण वगैरे ठिकाणीं धरणें बांधून पूर्वेस जावयाचें पाणी तिनें घाटाखालीं वळविलें आणि १९१५ मध्यें खोपोलीस वीज निर्माण होऊं लागली. या तलावांत महाशीर तगून राहिले. १९७० च्या सुमारास मत्स्यखात्याचे निवृत्त संचालक डॉ. सी. व्ही. कुळकर्णी यांनीं, व पुढें त्यांच्याबरोबर एस. एन. ओगले यांनीं, तेथें महाशिराची कृत्रिम पैदास साध्य केली. पावसाळ्यांत अंडीं भरलेली मादी हलक्या हातानें धरावयाची, पोट दाबून अंडीं भांड्यांत घ्यावयाचीं, त्यांवर नराचें रेत सोडावयाचें, आणि वाहत्या पाण्याच्या उथळ तबकांत तीं उबवावयाचीं. रोहूच्या मानानें महाशिराचीं अंडीं थोडीं, परंतु मोठीं असतात व उबण्यास अधिक काळ घेतात. याच गुणाचा उपयोग करून तीं पाण्याशिवाय, ओल्या कापसांत गुंडाळून दूर पाठवितां येतात असें या मंडळींनीं दाखविलें. लक्षावधि पिलें तेथून निरनिराळ्या प्रांतांत गेलीं. दुर्मिळ होत चाललेल्या माशास हें मोठेंच जीवदान होतें.

परंतु बीज आणि जागा यांचा संबंध तुटला कीं उपकाराचाही अपकार होतो. लोणावळ्याचें बीज गेलें त्या नद्यांपैकीं कावेरी एक. तेथें कुबड असलेला महाशीर मूळचा राहणारा. त्या नदीच्या खोऱ्याबाहेर तो कोठेंही नाहीं. शौकीन गळवाल्यांच्या पाण्यांत दख्खनचा महाशीर वाढला आणि कुबडाचा महाशीर दिसेनासा होऊं लागला. २०१८ मध्यें त्याची शास्त्रीय ओळख निश्चित होऊन अत्यंत संकटग्रस्त जातींत त्याची नोंद झाली. त्याच्या ऱ्हासास इतर कारणेंही आहेत. पण पाहुण्या माशाची भर हें त्यांतील एक प्रमुख कारण अभ्यासक मानतात. यांत बीज तयार करणारांच्या हेतूस दोष देतां येत नाहीं. एका नदीचें औषध दुसरीस चालेलच असें नाहीं, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं.

आतां पुन्हां आळंदीकडे वळूं. १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड, आणि मागाहून चाकण, यांचा विस्तार झपाट्यानें झाला. हजारो कुटुंबांस त्यानें अन्न दिलें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण नगरांचें मैलापाणी आणि कारखान्यांचें सांडपाणी इंद्रायणीस येऊं लागलें. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा १८९७ च्या कायद्यांतील उणीव भरून काढणारा होता. तरीही आळंदीच्या घाटाशीं नदीवर पांढरा फेस दाटलेला वारकऱ्यांनीं पाहिला, आणि देहूच्या राखलेल्या डोहांत मेलेले मासे तरंगल्याच्या वार्ताही गेल्या कांहीं वर्षांत आल्या. ज्या माशांस शतकानुशतकें कोणीं गळ लावला नाहीं, ते न लावलेल्या गळानें मेले.

म्हणजे जुना दंडक खोटा ठरला काय? आमच्या मतें नाहीं. त्याचा पहारा घाटावर होता आणि शत्रू वरच्या अंगानें आला. मासा धरणाऱ्या हातास थांबविण्याइतकी भीड आमच्या समाजाजवळ होती. नाल्याचें तोंड नदींत सोडणाऱ्या हातास तीच भीड अद्याप वाटत नाहीं. लोणावळ्याच्या तबकांत बीज वाढवितां येतें, कायद्याच्या पुस्तकांत कलमही वाढवितां येतें. परंतु तें बीज सोडावयास इंद्रायणीचा एखादा डोह स्वच्छ राहिला पाहिजे. ज्येष्ठांत पालख्या निघतात तेव्हां कुरवंड्यापासून तुळापुरापर्यंतच्या गांवांनीं व नगरांनीं आपापल्या नाल्याची वास्तपुस्त करण्याचा नेम धरला, तर माशांस घातलेल्या चार दाण्यांपेक्षां ती सेवा देवास अधिक रुजू होईल. नदीच्या एका तुकड्याचा दंडक साऱ्या नदीचा करणें, एवढेंच आतां उरलें आहे. आणि तें काम ज्यांचीं घरें कांठावर आहेत त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणाकडून होणारें नाहीं.