थर्मलची राख

बीड जिल्ह्यात दगडी कोळशाची खाण नाही. कोळसा येतो रेल्वेने, चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यातून आणि तेलंगणातल्या सिंगरेणीतून. पाणी गोदावरीचे, खडक्याच्या बंधाऱ्यातून उचललेले. तयार झालेली वीज तारांवरून राज्यभर जाते. परळी वैजनाथच्या पदरात पडते ती राख. म्हणून थर्मलचा, म्हणजे परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचा, इतिहास मला मेगावॅटऐवजी राखेच्या बाजूने सांगावासा वाटतो. कोळसा सोडायचा तर कुणावर अन्याय न होता कसा सोडावा, याची बोलणी आज जगभर चालली आहेत. त्यांचा परळीशी काय संबंध, हेही त्याच वाटेने उमगते.

पहिला संच 1971 चा, 30 मेगावॅटचा. जोडीला तेवढाच दुसरा. तेव्हा राख होती, पण तिचा प्रश्न नव्हता. 1980 ते 1987 या काळात 210 मेगावॅटचे तीन संच उभे राहिले आणि तो प्रश्न सुरू झाला. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच असते. 250 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला चार हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. म्हणजे बाराशे-पंधराशे टन राख एका संचाची, एका दिवसाची. धुरातून पकडलेली राख पिठासारखी बारीक असते, भट्टीच्या तळाशी पडते ती भरड. कोरडी बारीक राख सिमेंटवाले बंद टँकरमधून नेतात. उरलेली पाण्यात कालवून पाइपाने दाऊतपूर, दादाहरी वडगाव शिवारातल्या तळ्यांत सोडतात. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर वाळला आणि वावटळ सुटली की ती राख पिकावर, पाण्याच्या हौदावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते.

या उपद्रवाला किंमत आली ती दिल्लीच्या एका कागदाने. 14 सप्टेंबर 1999 च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांपासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटवाल्यांना मातीत किमान पंचवीस टक्के राख मिसळणे बंधनकारक झाले आणि केंद्रांनी ती दहा वर्षे तरी फुकट द्यावी, असे ठरले. हेतू चांगलाच होता: शेताची सुपीक माती वाचावी, राखही खपावी. परळीच्या आसपास वीटभट्ट्या वाढत गेल्या. उचल घेऊन भट्टीवर राहायला येणारी कुटुंबे, राख भरणारे, हायवा चालवणारे, त्यांना डिझेल आणि टायर विकणारे, असा एक संसार या राखेवर उभा राहिला. पण फुकटचा माल फार दिवस बेवारस राहत नाही. तळ्यावर कुणाची गाडी आधी लागायची, हे ठरवणारे लोक तयार झाले आणि त्यांचा विषय पुढे थेट विधिमंडळात निघाला. सरकारी कागदावर मात्र राख हा शेवटपर्यंत 'विल्हेवाटी'चाच विषय राहिला. तिच्यावर माणसे जगतात, याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

थर्मल बंद पडले तर काय होते, हे परळीने दोनदा पाहिले आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये पाणी संपले म्हणून केंद्र बंद ठेवावे लागले. 2015 च्या पावसाळ्यात पुन्हा तेच झाले. हवामानाचे कारण होते, पण कुठल्या करारातले नव्हे, तर आभाळातले! कायम कर्मचारी महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा असतो, त्याची बदली होऊ शकते. कंत्राटी कामगार कंत्राटाबरोबर संपतो. भट्टीवाल्याला तर संच बंद झाल्याची नोटीसही कुणी देत नाही. पुढे पाऊस आला, 2016 मध्ये आठवा संच सुरू झाला. जुने पाचही संच आता मोडीत निघाले आहेत. उरलेत 250 मेगावॅटचे सहा, सात आणि आठ, मिळून 750 मेगावॅट.

अशा कुणावर अन्याय न होता कोळसा सोडण्याला जगात आज 'न्याय्य संक्रमण' म्हणतात. त्याचे मूळ अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगारांच्या संघटनेत सापडते. तिथले नेते टोनी मझोकी यांनी 1993 च्या सुमारास एक साधा मुद्दा मांडला. विषारी जमीन साफ करायला तुम्ही 1980 मध्ये कायदा करून निधी उभा केलात, मग कारखाना बंद झाल्यावर रस्त्यावर येणाऱ्या कामगारासाठी तसा निधी का नको? 2015 च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रस्तावनेत ही कल्पना शिरली. 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जवळपास दोनशे देशांनी ऊर्जेतून जीवाश्म इंधने न्याय्य आणि सुव्यवस्थित रीतीने दूर करण्याचे मान्य केले.

पैशाची गोष्ट मात्र वेगळी. कोळसा सोडण्यासाठी दक्षिण आफ्रिकेला 2021 मध्ये श्रीमंत देशांनी भागीदारीचा करार करून साडेआठ अब्ज डॉलरचे आश्वासन दिले. तिथले कोळशावरचे कोमाती वीजकेंद्र ऑक्टोबर 2022 मध्ये बंद झाले. जागतिक बँकेच्या मदतीने त्याच जागी 150 मेगावॅट सौर आणि 70 मेगावॅट पवनऊर्जा उभी करायची, कामगारांना नवे काम शिकवायचे, असा आराखडा होता. पण केंद्र आधी बंद झाले आणि कामे मागे राहिली. कोमातीचे नाव तिथे आज इशारा म्हणून घेतात. मार्च 2025 मध्ये अमेरिकेने या भागीदारीतून अंगच काढून घेतले. भारताने असा करार केलेला नाही, आणि त्या आश्वासनांत कर्जाचा वाटा किती मोठा होता हे पाहता मला त्याची फारशी हळहळ वाटत नाही.

हळहळ वाटते ती घरच्या पैशाची. 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, 2016 पर्यंत तो 400 झाला. परळीच्या यार्डात रिकाम्या होणाऱ्या प्रत्येक वाघिणीवर तो भरला गेला आणि शेवटी वीजबिलातून वसूल झाला. 2017 मध्ये तो राज्यांना जीएसटीची भरपाई द्यायच्या उपकरात विरघळला. सप्टेंबर 2025 मध्ये तोही उठला. कोळसा खणणाऱ्या जिल्ह्यांना 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी तरी आहे. कोळसा जाळणाऱ्या जिल्ह्याला त्या कोळशाचा वाटा नाही.

आणि पुढची ऊर्जा? ती बीडमध्ये आलीच आहे. बालाघाटाच्या माळांवर पवनचक्क्या फिरताहेत. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितल्याच्या प्रकरणातून तो झाला, असा आरोपपत्रात आरोप आहे. खटला न्यायालयात आहे. पवनचक्की राख टाकत नाही, धूर सोडत नाही. पण जमीन कुणाकडून घ्यायची, कंत्राट कुणाला द्यायचे, वाहतूक कुणाची, हे प्रश्न तिलाही चुकत नाहीत, आणि ते सोडवायची बीडची रीत राखेच्या काळातच मुरलेली आहे. नुसते इंधन बदलून ती जाईल असे मानणारे फार भोळे.

नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलच्या बेलेममधल्या हवामान परिषदेत कोळसा-तेल सोडण्याचा आराखडा अंतिम मसुद्यात आला नाही. तेव्हा कोलंबिया आणि नेदरलँड्स यांनी एप्रिल 2026 मध्ये सांता मार्ता इथे स्वतंत्र परिषद जाहीर केली. सांता मार्ता हे कोळसा निर्यातीचेच बंदर. अशा ठिकाणी भारताची बाजू मांडणाऱ्याच्या हातात संचांची यादी असेल, कार्बनचे टन असतील. राख उचलण्याच्या पासवर कुणाचे नाव आहे, भट्ट्यांवर किती कुटुंबे उचलीत अडकली आहेत, गेटवर किती कंत्राटी माणसे आत-बाहेर करतात, हेही हवे असेल तर ते परळीतच मोजावे लागेल. आठव्या संचाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरले तर तो 2041 पर्यंत चालेल, तेव्हा घाई कशाला, असे कुणी म्हणेल. पण 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने साठलेली जुनी राख संपवायला दहा वर्षांची मुदत दिली आहे, आणि न उचललेल्या राखेवर टनाला 1000 रुपयांचा दंड ठेवला आहे. म्हणजे तळ्यातल्या राखेवर जगणाऱ्यांची वेळ संच बंद व्हायच्या कितीतरी आधी, 2032 च्या आसपास येते.