वर्ध्याची निवड : जुलै १९३८

मध्यप्रांत व वऱ्हाड येथील काँग्रेस विधिमंडळ पक्षानें शके १८६० च्या आषाढाच्या अखेरीस, म्हणजे बुधवार ता. २७ जुलै १९३८ रोजीं, वर्धा येथें आपला नेता निवडला. डॉ. नारायण भास्कर खरे यांच्या जागीं पं. रविशंकर शुक्ल आले. हा प्रसंग ‘खरे प्रकरण’ या नांवानें प्रसिद्ध असून त्यावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बहुतेक लिखाण या किंवा त्या पक्षाची वकिली करणारें आहे. खरे दोषी कीं निर्दोषी, एवढाच प्रश्न त्यांत पुनःपुन्हां येतो. ज्या सभासदांनीं त्या दिवशीं मत दिलें, त्यांच्यापुढें नेमकें काय ठरवावयाचें होतें, व तें ठरविण्याची मोकळीक त्यांस कितपत होती, हा विचार मागेंच राहतो. प्रस्तुत लेखांत आम्ही तेवढाच विचार करणार आहों.

प्रथम स्थळाविषयीं. गांधीजी १९३६ सालच्या एप्रिलअखेर वर्ध्याजवळील शेगांव येथें राहावयास गेले. या गांवास सेवाग्राम हें नांव पुढें १९४० सालीं मिळालें. म्हणून १९३८ च्या कागदांत ‘सेवाग्राम’ असा शब्द आढळल्यास तो उतारा मागाहून केलेला समजावा. शेठ जमनालाल बजाज यांच्या आतिथ्यामुळें काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकी वर्ध्यास वारंवार भरत. अधिकारपदें स्वीकारण्याचा महत्त्वाचा निर्णय १९३७ च्या जुलैंत येथेंच झाला. गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे चार आण्यांचे सभासदही नव्हते. तरी मोठ्या प्रश्नांवर त्यांचा सल्ला घेण्यास मंडळी वर्ध्याहून शेगांवास जात. वर्धा हें अशा रीतीनें जिल्ह्याचें ठाणें असूनही सर्व देशाच्या राजकारणाचें एक केंद्र बनलें होतें.

आतां प्रांताविषयीं. इंग्रजी राज्याच्या दृष्टीनें मध्यप्रांत व वऱ्हाड हा एक प्रांत. परंतु १९२० च्या नागपूर काँग्रेसनें भाषावार रचना पत्करल्यापासून काँग्रेसच्या दृष्टीनें त्यांत तीन प्रांत होते. हिंदी भाषेचा महाकोशल, नागपूर-वर्धा बाजूचा मराठी मध्यप्रांत, व विदर्भ म्हणजे वऱ्हाड. संघटना तीन, विधिमंडळ एक. या एका विसंगतींत पुढील कलहाचें बीज आहे. ११२ जागांच्या विधिमंडळांत १९३७ च्या निवडणुकीनें काँग्रेसला बहुमत मिळालें. परंतु पक्षाचा नेता निवडावयाचा म्हणजे तीन घरांनीं मिळून एक कर्ता पुरुष नेमण्यासारखें होतें.

त्या वेळीं निवड खरे यांची झाली. महाकोशलांत शुक्ल व पं. द्वारकाप्रसाद मिश्र यांचें तेव्हां एकमत नव्हतें, व त्या दुहीचा लाभ नागपूरच्या उमेदवारास झाला. ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. खरे यांचें नेतृत्व केवळ मराठी मतांवर उभें नव्हतें. महाकोशलांतील एका गटाचा पाठिंबा हा त्याचा आधार होता. तो आधार जोंवर टिकला तोंवर मंत्रिमंडळ टिकलें. ता. १४ जुलै १९३७ रोजीं अधिकारावर आलेल्या या मंत्रिमंडळांत खरे यांच्याखेरीज वऱ्हाडचे श्री. रामराव देशमुख व श्री. गोळे, महाकोशलचे शुक्ल, मिश्र व श्री. दुर्गाशंकर मेहता, आणि श्री. शरीफ हे होते. पैकीं शरीफ यांस एका कैद्याच्या मुक्ततेच्या प्रकरणांत १९३८ सालीं पद सोडावें लागलें. पुढें शुक्ल व मिश्र एकत्र आले, आणि खरे यांच्या पायाखालची भूमि सरकली.

मे महिन्यांत भांडण विकोपास गेलें. पचमढी येथें ता. २४ मे रोजीं सरदार पटेल प्रभृति पुढाऱ्यांच्या समक्ष समेट झाला; परंतु तो टिकला नाहीं. यापुढील दिवसांची टाचणी आम्ही क्रमानें देतों, कारण या प्रकरणांत क्रमालाच सर्व महत्त्व आहे.

बुधवार ता. २० जुलै रोजीं खरे, देशमुख व गोळे यांनीं राजीनामे दिले. मुख्यमंत्र्यानें पद सोडलें म्हणजे सर्वांनीं सोडावें, असें खरे यांचें म्हणणें. शुक्ल, मिश्र व मेहता यांनीं काँग्रेसच्या वरिष्ठांची आज्ञा नसतां राजीनामा देण्यास नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनीं रात्रींतच हालचाल करून गुरुवार ता. २१ च्या पहांटे या तिघांस बडतर्फ केलें व खरे यांस नवें मंत्रिमंडळ बनविण्यास बोलाविलें. शनिवार ता. २३ रोजीं वर्धा येथें वरिष्ठांशीं बोलणें झाल्यावर खरे यांनीं या नव्या मंत्रिमंडळाचाही राजीनामा दिला. सोमवार ता. २५ रोजीं ते शेगांवास गांधीजींकडे गेले. तेथें एका निवेदनाचा मसुदा झाला, त्यांत गांधीजींनीं बदल सुचविले, व खरे यांनीं तें निवेदन त्या स्वरूपांत देण्याचें नाकारलें. मंगळवार ता. २६ रोजीं कार्यकारिणीनें ठराव करून खरे यांस गंभीर प्रमादाबद्दल दोष दिला व काँग्रेसमध्यें जबाबदारीचें पद धारण करण्यास ते अपात्र ठरल्याचें जाहीर केलें. गव्हर्नरच्या घाईवरही त्या ठरावांत कडक टीका आहे. बुधवार ता. २७ रोजीं, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या देखरेखीखालीं, विधिमंडळ पक्षानें शुक्ल यांस निवडलें.

या टाचणीवरून जी गोष्ट उघड होते ती अशी कीं, निर्णय सांगणारा ठराव आधीं झाला व निवडणूक दुसऱ्या दिवशीं झाली. सभासद वर्ध्यास जमले तेव्हां एका उमेदवाराविषयीं निकाल लागून चुकला होता. त्यांच्यापुढें उरलेला प्रश्न ‘खरे कीं शुक्ल’ हा नव्हता. कार्यकारिणीच्या शब्दाबाहेर जावयाचें कीं नाहीं, हाच तो प्रश्न होता. अशा स्थितींत झालेल्या मतदानास स्वतंत्र निवड म्हणावें काय?

खरे यांच्या बाजूचे लेखक याचें उत्तर ‘नाहीं’ असें देतात. खरे यांनीं स्वतः आपल्या बचावाचें इंग्रजी पुस्तक लगेच प्रसिद्ध केलें, व पुढें १९५९ सालीं आत्मचरित्रांतही तीच बाजू मांडली. मुख्यमंत्र्यास आपले सहकारी निवडण्याचा हक्क असलाच पाहिजे. तो हक्क वर्ध्याहून काढून घेतला गेला. आणि हें सर्व एका मराठी पुढाऱ्यास दूर करण्यासाठीं झालें, असा त्यांचा पक्ष आहे. आपल्या दुसऱ्या मंत्रिमंडळांत खरे यांनीं हरिजन समाजाचे श्री. अग्निभोज यांस घेतलें होतें, व तेंही वरिष्ठांस रुचलें नाहीं, असें त्यांनीं म्हटलें आहे. डॉ. आंबेडकर यांनीं १९४५ च्या आपल्या ग्रंथांत या गोष्टीचा उल्लेख केल्यामुळें तिला मोठी प्रसिद्धि मिळाली. तथापि मुळांत हें कथन एका पक्षकाराचें आहे, हें विसरतां कामा नये.

उलट बाजू गांधीजींनीं १९३८ च्या ऑगस्टांत ‘हरिजन’ पत्रांत मांडली. काँग्रेस अद्याप परसत्तेशीं झगडणारी संस्था आहे. तिच्या तिकिटावर निवडून आलेला मंत्री प्रथम तिचा सेवक आहे. आणि ज्यानें आपलें घरचें भांडण गव्हर्नरच्या अधिकारानें मिटविलें त्यानें संस्थेस दगा दिला, असा तिचा आशय आहे. या युक्तिवादांत बळ आहे. १९३५ च्या कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणें मंत्री गव्हर्नरच्या मर्जीवर अवलंबून असत. ती मर्जी प्रत्यक्ष चालवूं द्यावयाची नाहीं, या अटीवरच काँग्रेसनें पदें घेतलीं होतीं. खरे यांच्या कृतीनें मात्र तीच मर्जी चालविण्याची संधि गव्हर्नरास मिळाली, व तीही काँग्रेसच्याच तीन मंत्र्यांविरुद्ध.

आमच्या मतें या दोन्ही बाजूंनीं दोन निराळे प्रश्न एकांत मिसळले आहेत. ता. २० व २१ जुलैचें वर्तन योग्य होतें काय, हा एक. ता. २७ ची निवड मोकळी होती काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुरावा खरे यांच्या विरुद्ध जातो. वरिष्ठांची बैठक दोन-तीन दिवसांवर आली असतां तिची वाट न पाहतां राजीनामा देण्याचें कारण त्यांच्या लेखनांतूनही पटण्यासारखें मिळत नाहीं. परंतु म्हणून दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आपोआप लागत नाहीं. कार्यकारिणीला खरे यांस दोष देण्याचा अधिकार होता. पण पक्षाचा नेता निवडण्याचा अधिकार पक्षाचा होता. आदल्या दिवशीं अपात्रता जाहीर करून तिनें दुसऱ्याचा अधिकार औपचारिक करून टाकला. ठराव निवडणुकीनंतर आला असता, तर शुक्ल यांची निवड बहुधा तशीच झाली असती. कारण महाकोशलांतील दुही मिटली होती व संख्याबळ त्यांच्या बाजूस होतें. मग घाईनें गमावलें काय? गमावला तो मराठी सभासदांचा विश्वास. मोकळ्या मतदानांत हरलेला मनुष्य संख्येला दोष देतो. ठरावानें हरलेला मनुष्य न्यायालाच दोष देतो.

हा दोष पुढें कसा फळास आला, हें सर्वांस ठाऊक आहे. नागपूर व वऱ्हाडांतील मराठी लोकांस द्विभाषिक प्रांतांत आपलें स्थान दुय्यम आहे ही जाणीव पूर्वींही होती. वर्ध्याच्या निवडीनें तिला एक तारीख व एक नांव मिळालें. शुक्ल यांनीं १९३९ च्या नोव्हेंबरपर्यंत व पुनः १९४६ पासून प्रांताचें नेतृत्व केलें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत मराठी जिल्हे त्या राज्यांतून निघाले. विदर्भाच्या चळवळीचें एकमेव कारण म्हणून खरे प्रकरण पुढें करणें अतिशयोक्तीचें होईल, परंतु त्या चळवळीच्या स्मृतींत तें खोल रुजलें आहे यांत शंका नाहीं.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या अध्यक्षाच्या देखरेखीखालीं वर्ध्याची निवड झाली, त्या सुभाषबाबूंवरच सहा महिन्यांत तसा प्रसंग आला. ता. २९ जानेवारी १९३९ रोजीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत त्यांनीं डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांचा दोनशेंहून अधिक मतांनीं पराभव केला. कार्यकारिणीच्या कित्येक सभासदांनीं मतदानापूर्वींच पट्टाभींच्या बाजूनें पत्रक काढलें होतें. प्रतिनिधींनीं तें मानलें नाहीं. परंतु ता. २२ फेब्रुवारी रोजीं वर्धा येथेंच कार्यकारिणीच्या सभासदांनीं राजीनामे दिले, त्रिपुरीच्या अधिवेशनांत अध्यक्षाचे हात बांधणारा ठराव झाला, व एप्रिलअखेर सुभाषबाबूंनीं पद सोडलें. १९३८ सालीं निर्णय मतदानाच्या आधीं आला. १९३९ सालीं तो मतदानाच्या मागून आला. दोन्ही वेळां मत देणारांस आपल्या मताची किंमत काय हा प्रश्न पडला असल्यास नवल नाहीं.

राहतां राहिला साधनांचा प्रश्न. पुढाऱ्यांचे पत्रव्यवहार बऱ्याच अंशीं छापले गेले आहेत. पट्टाभींचा काँग्रेसचा इतिहास, मिश्र यांच्या आठवणी, व डेव्हिड बेकर यांचा १९७९ चा प्रबंध हींही सर्वांस उपलब्ध आहेत. या सर्वांत ज्याचा आवाज ऐकूं येत नाहीं तो साधा सभासद होय. कोण्या तालुक्याहून ता. २६ च्या रात्रीं वर्ध्यास उतरलेला, ठराव ऐकून सकाळीं मत देणारा. अशा सभासदांचीं घरगुती पत्रें, रोजनिशा, सभेच्या सूचना, टिपणें हीं नागपूर, वर्धा, अमरावती, रायपूर या बाजूंच्या घरांतून अद्याप पडून असण्याचा संभव आहे. आमचे संग्राहक बंधु बखरी व सनदा यांस जपतात तसें या कागदांस जपत नाहींत. तो कागद पातळ, शाई हलकी, व काळ फार जुना नव्हे, म्हणून ते रद्दींत जातात. मोडी दप्तराच्या खालीं असा एखादा पुडका आढळला तर तो बाहेर काढून त्यावरील तारीख आधीं पाहावी. ती ता. २७ जुलैच्या आदल्या दिवसाची असेल, तर या लेखांतील मुख्य प्रश्नावर त्या एका पत्राचा पुरावा सर्व पुढाऱ्यांच्या आत्मचरित्रांहून वजनदार ठरेल.